जिभेची तक्रार

भवानी पेठेत, प्लायवूडच्या दुकानावरच्या माडीवर
मी दाढा करते.
एकोणीस वर्षं झाली.
माणसं भेटत नाहीत, साचे भेटतात,
पिवळ्या प्लास्टरचे जबडे,
पाठीवर पेन्सिलीनं नाव, वय, डॉक्टर, तारीख.

रणपिसे सरांनी हात बसवला
आधी साबणाच्या वडीवर, मग मेणावर.
म्हणायचे, वरची पहिली दाढ म्हणजे चतुःशृंगी,
मोज.
गालाकडची दोन शिखरं टोकदार,
टाळूकडचं पुढचं सगळ्यांत थोरलं,
मागचं धाकटं, कोपऱ्यात ढकलल्यासारखं.
आणि मधून तिरकी जाते ती धार.
ती चुकलीस तर दाढ नाही, बटाटा.

खालच्या पहिलीला शिखरं पाच.
तिच्या शेजारणीला चारच,
मधोमध घळींची बेरजेची खूण.
अक्कलदाढेचं मात्र सर काही शिकवत नसत.
कुणाची सुरकुतल्या मनुकेसारखी,
कुणाची हाडातच आडवी निजलेली,
कुणाला आलीच नाही.
"अक्कल कुठं सगळ्यांना सारखी येते?"
म्हणत चहा ढवळायचे.

आणखी एक.
काहींच्या वरच्या दाढेला आतल्या अंगानं
एक जादाचा उंचवटा असतो,
गव्हाचा दाणा चिकटावा तसा.
काहींना नुसती खाच,
बऱ्याच जणांना तीही नाही.
पुस्तकात त्याला परदेशी नाव आहे.
सर म्हणायचे, पोटभाडेकरू.

आता संगणक आलाय, त्यात दाढांचं कपाट.
बटण दाबलं की आदर्श दाढ हजर,
खालचं मशीन ती पांढऱ्या ठोकळ्यातून कोरून देतं,
तोवर माझा डबा खाऊन होतो.

मार्चमध्ये इंदुमती ओगले, वय एकाहत्तर,
वरची डावी पहिली.
कपाटातली दिली.
चावा बरोबर, फट नाही, रंग जुळला, डॉक्टर खूश.
तात्पुरत्या सिमेंटवर होती म्हणून निघाली,
नवव्या दिवशी डबीतून परत.
सोबत चिठ्ठी, डॉक्टरांची नव्हे, बाईंची.
शाळामास्तरणीचं अक्षर, शेवटच्या ओळीपर्यंत वळणदार:

"दाढ उत्तम आहे. परंतु जिभेस ती ओळखीची वाटत नाही.
रात्री तिथे जाऊन काहीतरी शोधत बसते.
करता येण्यासारखे असल्यास पाहावे.
नसल्यास हीच ठेवीन. सवय होईल."

आधी हसले.
मग साचा उचलला, उजवी बाजू उजेडाकडे धरली,
तिथली दाढ त्यांची स्वतःची, जन्माची.
पोटभाडेकरू.
नऊ दिवसांपूर्वीही तिथंच होता,
माझ्या डोळ्यांसमोर.
थोरलं शिखर भाकरीनं, सुपारीनं झिजून बसकं झालेलं,
तिरक्या धारेला मध्येच एक मुरड,
घळ एका ठिकाणी वाट चुकून परत आलेली.

वेणीफणीचा आरसा साच्याला टेकवला
आणि उजवीची डावी करत बसले,
हातानं, मेणात, दोन संध्याकाळी.
खाली करवत चालू, माडी थरथरती,
श्वास रोखून त्या दाण्याएवढ्या उंचवट्यावर
तापल्या सळईनं मेणाचा थेंब.
मुळं मला कधी दिसत नाहीत.
वरच्या दाढेला तीन असतात,
हाडात पाय फाकून उभी.
ती ज्याची त्याची.
मी फक्त माथा बांधते.

दाढ गेली. बिलाचे पैसे आले.
चिठ्ठी आली नाही.
पुण्यात तक्रार लेखी येते,
समाधान तोंडीसुद्धा नाही.

त्या रात्री चूळ भरताना
माझी जीभ माझ्याच वरच्या दाढेपाशी गेली,
आतून, टाळूकडच्या अंगाला.
गुळगुळीत.
काही नाही तिथं.

परत गेली.